तुतारीच्या नळीला कडीचा कान झाळणे : पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

तुतारीची कमान अखंड नसते. तिचे तुकडे एकमेकांत सरकवून बसवलेले असतात. ते सुटू नयेत म्हणून दोन टोकांजवळ, कमानीच्या आतल्या अंगाला, एकेक कडी असते आणि दोन कड्यांमधून दोरी किंवा गोफ ताणून बांधतात. कडी ज्या छोट्या पितळी तुकड्यात अडकते त्याला आपण इथे कान म्हणू. जुन्या तुतारीत सगळ्यात आधी निखळतो तो हा कानच. सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, फेब्रुवारीत शिवजयंती आणि त्यापाठोपाठ लगीनसराई. म्हणजे तुतारी बाहेर निघण्याचे दिवस एकामागोमाग येतात, आणि कान निखळतो तो नेमका मिरवणुकीच्या आदल्या रात्री. मग कोणीतरी त्यावर सोल्डरचा मोठा गोळा चढवून देतो. तो आठवडाभरही टिकत नाही.

डागाची, म्हणजे झाळलेल्या सांध्याची, ताकद गोळ्यात नसते. कान आणि नळी यांच्यामध्ये कागदाएवढा पातळ पापुद्रा बसतो, तिथे ती असते. बाहेरून दिसणारं सोल्डर जवळजवळ शोभेचंच. म्हणून या कामात आच देण्याचा वेळ दीड मिनिटाचा आणि त्याआधीची तयारी दोन तासांची. या लेखातही तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

आधी वस्तू ओळखा

तुतारीला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर वरचं पितळ नुसता मुलामा आहे आणि आत लोखंडी पत्रा आहे. डाग बसेल, पण घासताना मुलामा जाईल. वजनाला फारच हलकी लागली आणि घासल्यावर आतून पांढरी निघाली तर ती अ‍ॅल्युमिनियमची. तिला ही पद्धत चालत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमवर बसलेला ऑक्साइडचा थर साधा फ्लक्स (झाळताना धातू साफ करणारं रसायन) काढू शकत नाही. क्रोमचा चकचकीत मुलामा असेल तर त्यावरही सोल्डर धरत नाही, तेवढ्या जागेपुरता तो पूर्ण काढावा लागतो. तांब्याची तुतारी चालते, पण तांबं पितळेच्या तिप्पट-चौपट वेगाने उष्णता वाहून नेतं. तेव्हा आच मोठी लागेल आणि वेळही जास्त लागेल. खाली जे लिहिलं आहे ते पितळेसाठी आहे.

जुना कान जिथे होता तिथे पत्रा फाटला आहे का, तेही भिंगाने पाहा. केसाएवढी चीर असली तरी तिच्यावर कान झाळू नका. ओढ पुन्हा तिथेच येणार आणि चीर वाढणार. अशा वेळी कानाची जागा ३०–४० मिलिमीटर सरकवा आणि चिरेवर वेगळं ठिगळ द्या.

सोल्डर कोणतं

बाजारात तीन गोष्टी मिळतात आणि त्यांच्या नावांचा फार घोळ होतो.

पहिलं, कथील-शिशाचं साधं सोल्डर. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. ते १८३ अंशाला मऊ व्हायला लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळतं. नवशिक्याला सोपं वाटतं, पण तुतारीसाठी आम्ही ते सांगत नाही. तुतारी तोंडाला लावायची वस्तू आहे, तिथे शिसं नको. दुसरं कारण आपल्या गावच्या हवेचं आहे. शिशाचा डाग सतत ओढीखाली राहिला की अगदी सावकाश सरकतो, आणि तो जितका गरम तितका जास्त सरकतो. मे महिन्यात टेंपोच्या हौद्यात उन्हात पडलेलं पितळ हात लावू देत नाही. दोरी ताणलेलीच राहिली तर अशा चार दुपारींत कान आपली जागा सोडायला लागतो.

दुसरं, कथील-चांदीचं सोल्डर. ९६ टक्के कथील, बाकीची चांदी. हे २२१ अंशाला वितळतं, शिशाच्या सोल्डरपेक्षा मजबूत असतं आणि त्यात शिसं नसतं. फ्रिज-एसीच्या पाइपकामाचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. १.६ मिलिमीटर जाडीची भरीव तार घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या तारेच्या पोटात राळ असते, ती या कामाला अपुरी पडते. आपण घ्यायचं ते हेच, चांदीवालं.

तिसरा, सोनाराकडचा चांदीचा डाग. नाव सारखंच ऐकू येतं, पण तो ६०० अंशांच्या वर वितळतो. तेवढी आच दिली की पत्रा लालसर होतो आणि घडवताना ठोकून ठोकून पितळेला आलेला कडकपणा निघून जातो. मऊ पडलेली नळी बोटाने दाबली तरी खळगा पडतो. तो कडकपणा पुन्हा आणायचा तर पुन्हा ठोकावं लागतं, आणि तयार तुतारीत ते जमत नाही. दुकानात नुसतं ‘चांदीचं सोल्डर द्या’ म्हणू नका, वितळण्याचं तापमान विचारा.

ठासणीच्या जुन्या बंदुकांतही हाच विचार दिसतो. नळीच्या पोटाखाली छोटे कान बसवलेले असतात आणि लाकडातून आडवी खीळ घालून नळी त्या कानांत अडकवतात. हे कानसुद्धा अनेक कारागीर मऊ सोल्डरनेच बसवतात, म्हणजे नळी फार तापत नाही आणि तिच्यावर पापुद्रे धरत नाहीत. बंदूक बनवायला आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. झाळकामाची रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे, फक्त एका बाबतीत उलटी. ती आच देण्याच्या टप्प्यावर येईल.

बाकी सामान

फ्लक्स जस्ताच्या क्लोराइडचा घ्या, तयार बाटलीतला. काही कारागीर मिठाच्या तेजाबात (हायड्रोक्लोरिक आम्लात) जस्ताचे तुकडे ‘मारून’ तो घरीच करतात. त्यातून हायड्रोजन निघतो, शेजारी ज्योत असेल तर भडका उडतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

छोटी गॅस टॉर्च, १८० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, अर्धगोल कानस, मऊ पेन्सिल, गेरू, बांधकामातली सळ्या बांधायची काळी तार, पक्कड, सुती चिंध्या, बारीक ब्रश, खायचा सोडा. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण फ्लक्समधलं पाणी उकळताना थेंब उडतात आणि ते आम्लाचे असतात.

कानासाठी १.२ मिलिमीटर म्हणजे १८ गेजची पितळी पट्टी घ्या, १२ मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर लांब. लोखंडी कान बसवू नका. पितळ तापल्यावर लोखंडाच्या दीडपट प्रसरण पावतं, त्यामुळे डाग थंड होतानाच ताणात राहतो. शिवाय पावसाळ्यात दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो.

कान घडवणे

पट्टी थेट वाकवली तर बाकावर तडा जाईल. आधी सावलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. लोखंड असं पाण्यात टाकलं की कडक होतं, पितळ मऊच राहतं. मग ६ मिलिमीटरच्या सळईभोवती मधला भाग गुंडाळा आणि दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला आडवी वळवा. मध्ये गोल डोळा आणि दोन बाजूंना दोन पाय, असा आकार होतो. प्रत्येक पाय १२ मिलिमीटरवर कापा. डोळ्याखाली, मानेपाशी, दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या पाहिजेत.

पायांची बाहेरची टोकं कानशीने उतरती करून अर्ध्या मिलिमीटरवर आणा. हे सौंदर्यासाठी नाही. जाड, ताठ पाय ओढीखाली वाकत नाही, त्याचं टोक एकदम उचलतं आणि डाग तिथून सोलला जातो. पातळ टोक थोडं वाकून ओढ वाटून घेतं. मऊ डाग सरळ सरकवणाऱ्या ओढीला चांगलं तोंड देतो, पण सोलणाऱ्या ओढीपुढे दुबळा पडतो. हे एक वाक्य लक्षात राहिलं तर निम्म्या चुका टळतील.

म्हणूनच कमानीचा आकार पाहायचा. कमान उथळ असेल तर दोरीची ओढ बरीचशी नळीच्या लांबीला धरून येते आणि वर सांगितलेला कान पुरतो. कमान जवळजवळ अर्धवर्तुळ असेल तर टोकाशी नळी आणि दोरी एकमेकींना काटकोनात येतात, म्हणजे दोरी कानाला सरळ उपटते. तिथे दोन पायांचा कान नको, नळीला वेढणारी पूर्ण पट्टी हवी आणि तिच्यावरच कान. नळीचा बाहेरचा व्यास ३० मिलिमीटर आणि पट्टी ०.९ मिलिमीटर जाड असेल तर लांबी लागेल (३० + ०.९) × ३.१४, म्हणजे ९७ मिलिमीटर. पट्टी आणि कान यांचा आपसातला सांधा आधीच सोनाराकडून चांदीच्या पक्क्या डागाने करून घ्या. तो ६०० अंशांवरचा सांधा आपल्या २२१ अंशांत हलणार नाही. मग पूर्ण पट्टी मऊ सोल्डरने नळीवर चढवा.

बसवणी : सगळं काम इथे आहे

कानाच्या तळाखाली नळी कशी असते ते आधी बोट फिरवून पाहा. आडवी पाहिली तर ती फुगीर आहे. लांबीला पाहिली तर कमानीच्या आतल्या अंगाला असल्यामुळे ती खोलगट आहे. त्यातच नळी एका बाजूने निमुळती होत जाते. म्हणजे घोड्याच्या खोगिरासारखा पृष्ठभाग, तोही एका बाजूला उतरता. सपाट तळाचा कान यावर कधीच बसणार नाही.

किती फरक पडतो ते मोजून पाहू. कमानीची आतली त्रिज्या ३०० मिलिमीटर आणि दोन पाय धरून कानाची लांबी ३१ मिलिमीटर असली, तर सरळ तळाचा कान दोन टोकांना टेकेल आणि मध्ये मानेखाली ०.४ मिलिमीटर फट राहील. आपल्याला हवी असलेली फट ०.१ मिलिमीटरची. चौपट झाली. ०.०५ ते ०.१२ च्या दरम्यान फट असली तर वितळलेलं सोल्डर आपोआप आत खेचलं जातं, जसं दिव्याच्या वातीत तेल चढतं. फट मोठी झाली की हे खेचणं थांबतं, सोल्डर कडेला जमतं आणि आत पोकळी राहते. आणि ही पोकळी राहते कुठे, तर मानेखाली. कान सोलायला सुरुवात होते तीही तिथूनच.

आधी पक्कड आणि लाकडी हातोडीने पायांना साधारण वळण द्या. मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर करून, नळीवर नेमक्या कानाच्या जागी बांधा. कान त्यावर ठेवून लांबीच्या दिशेने ५–६ मिलिमीटरचे आखूड हात मारा. नळीच पेपराला आकार देते आणि पेपर कानाला. हात लांब मारलेत तर निमुळतेपणा पुसला जाईल आणि कान डोलेल. दर वीस हातांनी कान उचलून तळ पाहा. सगळीकडे एकसारखी ताजी चमक आली की झालं. मध्ये काळपट बेट राहिलं तर तिथे अजून टेकत नाही.

खात्री करायला पणतीची काजळी नळीवर हलकेच धरा, कान दाबून उचला आणि काळं कुठे लागलं ते पाहा. लागलेला भाग कानशीने उतरवा आणि पुन्हा बसवा. शेवटची परीक्षा वहीच्या कागदाची. साधा कागद ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. कान बोटाने दाबून धरला असताना कागदाची पट्टी कुठूनही आत सरकता कामा नये. या टप्प्याला तास लागला तरी तो वाया गेलेला नाही.

स्वच्छता आणि कल्हई

जुन्या डागाचं सोल्डर राहिलं असेल तर हलकी आच देऊन सुती चिंधीने पुसून घ्या, मग घासा. हे टाळू नका. जुन्या शिशात नवं कथील-चांदी मिसळलं की मिश्रण १८० अंशांच्या खालीच वितळायला लागतं, आणि महाग सोल्डर घेतल्याचा उपयोग राहत नाही.

कानाभोवती पेन्सिलीने रेघ काढा. सळईच्या टोकाने ओरखडू नका, पातळ पितळेला ओरखड्यावरून चीर जाते. रेघेच्या आतला भाग ३२० नंबरच्या पेपराने घासून लख्ख करा, वर वार्निश असेल तर तेही घालवा. रेघेच्या बाहेर पाण्यात दाट कालवलेला गेरू लावा आणि वाळू द्या. सोल्डर गेरूवर पसरत नाही, म्हणून कड स्वच्छ राहते. घासल्यानंतर बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलाचा ठसा जिथे उमटतो तिथे डाग बसत नाही.

आता कान आणि नळी दोन्हींना वेगवेगळी कल्हई करायची. कल्हईवाला पातेलं तापवतो, नवसागर (अमोनियम क्लोराइड) टाकतो, कथील लावतो आणि कापसाने फिरवतो. रीत हुबेहूब तीच. कान पकडीत धरा, तळाला फ्लक्सचा पातळ हात द्या, वरच्या बाजूने आच द्या आणि तळाला सोल्डरची तार टेकवा. पसरलं की वितळलेलं असतानाच सुती चिंधीने एका दिशेने पुसा. मागे चंदेरी, पातळ थर राहतो. नळीवरच्या जागेचंही तसंच. कुठे पिवळं उरलं तर पुन्हा फ्लक्स आणि पुन्हा पुसणं. कल्हई पूर्ण नसेल तर पुढे जायचंच नाही. कान एकदा बसवला की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

बांधणी

काळ्या तारेने कान नळीवर दोन ठिकाणी बांधा, प्रत्येक पायावर एक वेढा. तारेला नळीच्या पाठीमागे एक छोटा पीळ सैल ठेवा. पितळ तापून फुगतं तेव्हा तो पीळ ताण घेतो, नाहीतर तार पत्र्यात रुतून कायमची खूण उठते. नळी निमुळती असल्याने तार बारीक टोकाकडे घसरते. ती अडवायला वेढ्याच्या पुढे, बारीक बाजूला, आणखी एक वेढा घट्ट देऊन दोन्ही वेढे एका आडव्या तारेने जोडा. तारेवर गेरू फासा, नाहीतर तीही डागात अडकेल.

तुतारीचे तुकडे आधी वेगळे करा आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा. आत पाणी राहिलं असेल तर त्याची वाफ होते. जवळपास दुसरा मऊ डाग असेल तर त्याच्यावर ओली चिंधी गुंडाळा.

आच

काम सावलीत आणि आडोशाला करा. उघड्या गच्चीवर दोन अडचणी येतात. एक, वारा आच पळवतो. दुसरी, उन्हात गॅसची निळी ज्योत दिसतच नाही, आणि ती कुठे लागते आहे ते न दिसणं पत्र्यालाही वाईट आणि हातालाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर काम आटपलेलं बरं.

कडेने फ्लक्स लावा. ज्योत मऊ, पसरट ठेवा. आतल्या निळ्या सुळक्याचं टोक कामापासून ४–५ सेंटिमीटर दूर हवं. आता ती उलटी बाब. बंदुकीची नळी जाड असते आणि तिच्यापुढे कान चिमूटभर. म्हणून तिथे आच नळीला देतात आणि नळीच कानाला तापवते. तुतारीत नळीचा पत्रा ०.६–०.७ मिलिमीटर आणि कान त्याच्या जवळजवळ दुप्पट जाड. ज्योत एका जागी पत्र्यावर रोखली तर तेवढाच ठिपका भाजून निघेल आणि कान थंडच राहील. म्हणून आधी नळीचा आजूबाजूचा ८–१० सेंटिमीटर भाग गोल फिरवत कोमट करा, मग ज्योत मुख्यतः कानावर आणि मधूनमधून दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर फिरवा. थांबायचं कुठेच नाही.

पितळ २२१ अंशाला रंग बदलून सांगत नाही, सांगतो तो फ्लक्स. आधी तो उकळून फसफसतो, मग पांढरी साय धरतो, मग वितळून काचेसारखा पारदर्शक पसरतो. त्यानंतर लगेच सोल्डरची तार ज्योतीच्या विरुद्ध बाजूने कडेला टेकवून पाहा. तारेला ज्योत लावायची नाही, तार धातूच्या उष्णतेनेच वितळली पाहिजे. ज्योतीने वितळवलेलं सोल्डर थंड धातूवर थेंब होऊन बसतं आणि डाग झाल्याचा भास होतो. तार वितळली की सोल्डर उष्णतेकडे धावतं, म्हणजे एका बाजूने दिलेलं दुसऱ्या बाजूला निघतं. याच क्षणी कान थोडासा खाली बसलेला दिसतो. कल्हईचे दोन थर एक झाल्याची ती खूण. चारी बाजूंनी चंदेरी रेघ उमटली की ज्योत काढा.

सोल्डर किती? दोन पायांचं क्षेत्र २ × १२ × १२, म्हणजे २८८ चौरस मिलिमीटर. ०.१ ची फट धरली तर जवळपास २९ घन मिलिमीटर. १.६ च्या तारेचे हे फक्त १५ मिलिमीटर होतात. मानेची फट आणि कडा धरून २५ मिलिमीटर पुष्कळ झाले. तारेवर तेवढ्यावर खूण करून ठेवा. खुणेपर्यंत येऊनही चंदेरी रेघ पूर्ण झाली नसेल तर दोष सोल्डरच्या प्रमाणात नाही, बसवणीत किंवा कल्हईत आहे. पूर्ण पट्टीचा कान असेल तर ७०–८० मिलिमीटर धरा.

दोन मिनिटांत काम झालं नाही तर थांबा. फ्लक्स तपकिरी-काळा पडला असेल तर तो जळला, त्यापुढे कितीही आच द्या, उपयोग नाही. थंड करा, सोडवा, घासा, पुन्हा कल्हई करा.

ज्योत काढल्यावर पूर्ण अर्धा मिनिट हात लावू नका, फुंकू नका, पाणी घालू नका. गोठताना कान केसभर हलला तरी डाग रवाळ होतो आणि पुढे कधीतरी निखळतो.

धुणे, आणि ते का टाळायचं नाही

हाताला सोसेल इतपत थंड झाल्यावर तार कापा. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा टाका आणि ब्रशने चांगलं घासा, नळीच्या आतूनही पाणी घालवा. नंतर साध्या पाण्याने दोनदा धुवा. बोअरचं जड पाणी असेल तर पुसून घ्या, नाहीतर पांढरे ठिपके राहतात. जस्ताचं क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. राहिलं तर पहिल्या पावसात कानाभोवती हिरवी भुकटी येते.

काही फ्लक्समध्ये नवसागर असतो, त्याची धास्ती आणखी वेगळी आहे. ताणात असलेल्या पितळेला अमोनिया लागला की ते न सांगता तडकतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि त्यांना चिरा पडत. कारण होतं घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि ते १९२१ मध्ये शोधनिबंधातून नीट स्पष्ट झालं. तुतारीची वाकवलेली नळीसुद्धा ताणातच असते. म्हणून तुतारी गोठ्याजवळ टांगू नये आणि अमोनिया असलेल्या पॉलिशने घासू नये. उजळायला चिंच आणि मीठ चांगलं, पण तेही लगेच धुवायचं.

पारख आणि दोष

लाकडी मुठीने कानावर हलकेच टिचकी मारा. पक्का बसलेला कान नळीसोबत एकाच सुरात वाजतो, पोकळ राहिलेला बद्द वाजतो किंवा खुळखुळतो. मग कडीला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून, दोरी ओढेल त्याच दिशेने, १० किलोवर पाच मिनिटं धरा. २८८ चौरस मिलिमीटरचा चांगला डाग सरळ ओढीत याच्या कितीतरी पट सोसतो, पण कायमच्या ओढीसाठी चौरस मिलिमीटरला १ न्यूटनच्या वर हिशेब धरू नये. म्हणजे अंदाजे २९ किलो, तेही सोलणारी ओढ नसेल तर. दोरीला एवढी ओढ कधीच लागत नाही.

सोल्डर मोत्यासारखं गोळ्या होऊन पळत असेल तर धातू अस्वच्छ आहे किंवा थंड आहे. नळीवर पसरलं पण कानाखाली गेलं नाही, तर कान थंड होता. एका पायाला रेघ आली आणि दुसऱ्याला नाही, तर ज्योत एकीकडेच राहिली. त्या पायाला पुन्हा फ्लक्स देऊन आच दिली तर बहुतेक वेळा भागतं, पूर्ण सोडवायची गरज नसते. पितळेवर गुलाबी ठिपके दिसले तर आम्लाने वरवरचं जस्त खाऊन तांबं उघडं पडलं आहे, पॉलिशने जातात. शेजारचा सांधा उघडला तर ओली चिंधी वाळली होती. ती दर अर्ध्या मिनिटाला भिजवावी लागते.

दोरी बांधताना तुकडे एकमेकांत पूर्ण बसवून, मगच बोटाने दाबल्यावर दोन सेंटिमीटर वाकेल इतपतच ताणा. सुती दोरी ओली झाली की आखडते आणि कानावरची ओढ वाढवते, म्हणून पावसाळ्यात एक बोट जास्त सैल ठेवा. आणि मिरवणूक संपून तुतारी टेंपोत ठेवण्याआधी गाठ सोडा.